अलर्ट बेच्या धक्क्यावर

भाचीने तिकीट पाठवले, म्हणून आमच्यासारख्या कारकुनाला कॅनडा दिसला. व्हँकुव्हर शहरातून मोठ्या बोटीने व्हँकुव्हर बेटावर, तेथून मोटारीने उत्तरेला पोर्ट मॅकनील आणि पुन्हा पाऊण तासाची बोट. मग अलर्ट बे हे नामगीस आदिवासींचे छोटेसे गाव लागते.

गावाचे सारे जीवन सामन माशावर. आपल्या रावसालाही इंग्रजीत इंडियन सामन म्हणतात, पण हा मासा वेगळा. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत येतो.

जवळच्या ब्रॉटन बेटसमूहात १९८० च्या दशकात पिंजरे आले. वर तरंगती चौकट, खाली जाळे, आत लाखो अटलांटिक सामन. जाळ्यात मासा अडतो, घाण अडत नाही. विष्ठा, उरलेले खाद्य, औषध, सगळे समुद्रात. आम्ही बी.कॉम.; ही सफाई कोणाच्या खाती मांडतात, हेच आधी मनात आले. कंपनीच्या तर नाहीच.

त्याहून मोठी पीडा समुद्री उवांची. वसंतात बोटभर पिल्ले नदीतून बाहेर पडतात, तेव्हा उवा वाहणारे मोठे मासे एरवी बहुतेक दूर समुद्रात असतात. पिंजऱ्यांमुळे ते बारमाही वाटेवरच बसले. एवढ्याशा पिल्लाला दोन-चार उवाही पुरतात. २००० साली इकडच्या नद्यांत ३६ लाख गुलाबी सामन परतले होते. त्यांची पिढी २००२ साली आली, ती दीड लाखाच्या आत. कारणावरून शास्त्रज्ञ बरीच वर्षे भांडले.

लोक मात्र थांबले नाहीत. ऑगस्ट २०१७ मध्ये स्वानसन बेटाजवळच्या पिंजऱ्यावरच त्यांनी ठाण मांडले. डिसेंबर २०१८ मध्ये ठरले, की १७ पैकी १० ठिकाणे टप्प्याटप्प्याने उठवायची आणि उरलेली ७ आदिवासींची संमती मिळाली तरच चालवायची. पुढे जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने ब्रिटिश कोलंबियातील उघडे पिंजरे जून २०२९ अखेर बंद करण्याचे जाहीर केले.

आम्हाला हे सरळ वाटले होते. पण याच किनाऱ्यावर क्लेमटू गावचे किटासू आदिवासी पिंजऱ्यांच्या बाजूने आहेत. तिथली रोजी-रोटी त्यावर आहे. बंद गिरण्यांमागची घरे आम्ही पाहिली आहेत. त्यांना नावे ठेववेनात.

निघताना धक्क्यावर एका आजीबाईंनी धुरावर सुकवलेल्या सामनचा तुकडा आमच्या हातावर ठेवला.

"पिंजऱ्यातला?" भाचीने विचारले.

आजीबाई नुसत्या हसल्या.