फुकट आहे, पण हाताला बसेल का?

‘लिनक्स’ म्हटलं की अजूनही लोकांना काळी स्क्रीन आणि दाढीवाला इंजिनीअर आठवतो. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये जे आणलं, ते होतं कर्नल, म्हणजे नुसतं इंजिन. आणि नुसत्या इंजिनावर बसून कुणी ऑफिसला जात नाही! सीट, हँडल, हॉर्न बसवायचं काम पुढच्यांनी केलं. २००४ मध्ये आलेल्या उबुंटूनं तर कित्येक वर्षं सीडी पोस्टानं फुकट घरपोच पाठवल्या. आपल्या सी-डॅकनं भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ काढली.

पण शेवटचा नटबोल्ट ऑफिसातल्याच कुणाला तरी आवळावा लागतो. आमच्याकडे तो मान माझा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आमचे सात पीसी विंडोज ११ च्या अटींत बसेनात. सात नवे घ्यायचे, तर इन्क्रिमेंट विसरा! मग ठरलं, लिनक्स मिंट टाकायचं. इन्स्टॉलेशन पटकन उरकलं. खरी मेहनत पुढेच. ‘रायटर’, ‘कॅल्क’ ही नावं काढून आयकॉनखाली ‘पत्र’, ‘हिशेब’ लिहिलं. फाइल आपोआप वर्डच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह होईल असं केलं, नाहीतर क्लायंटचा फोन आलाच म्हणून समजा. प्रिंटर जोडले, मराठी कीबोर्ड सुरू केला. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. तिच्यासाठी एक नवं विंडोज मशीन घेतलं. उगाच हट्ट कशाला?

सगळ्यात धास्तावल्या होत्या अकाउंट्सच्या मॅडम. रिटायरमेंटला दोन वर्षं. हळूच म्हणाल्या, ‘या वयात पोरांसमोर हसं नको रे माझं.’

तिथं खरा प्रश्न कळला. वीस वर्षांत हाताला बसलेली सवय म्हणजे माणसाची ऑफिसातली पत असते. ती आपण एका सोमवारी सकाळी काढून घेतो आणि वर म्हणतो, ‘फुकट आहे!’ जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेनं २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार पीसी लिनक्सवर नेले. २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचं ठरवलं. वापरणाऱ्यांच्या तक्रारी तिथंही होत्याच.

मॅडमच्या स्क्रीनवर मी त्यांचाच जुना गणपती लावला, फोल्डर होते त्याच कोपऱ्यात ठेवले. आठवडाभर लंचनंतर शेजारी बसलो.

परवा त्या नव्या ट्रेनीला प्रिंट काढायला शिकवत होत्या. सिस्टिम कोणती, हे ना त्यानं विचारलं, ना त्यांनी सांगितलं.