समुद्रकाठची विश्रांती

विश्रांती हा शब्द आपण मोठ्या संकोचाने उच्चारतो. आजारी माणसाला ती डॉक्टरांनी सांगितलेली असते, वृद्ध माणसाला ती वयाने बहाल केलेली असते. परंतु धडधाकट गृहिणीने ‘मला विश्रांती हवी’ असे म्हटले, की ऐकणाऱ्यांच्या भुवया नकळत वर जातात. वाचकहो, आपल्या घरची रीत याहून निराळी असेल, तर आपण भाग्यवान आहात. आमच्या इंदूरच्या घरात तरी पस्तीस वर्षे हीच रीत चालत आली होती. ती कोणी घालून दिली, हे मात्र आमच्यापैकी कोणालाही सांगता आले नसते.

गेल्या वर्षी यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम पार पडली. पण त्यानंतरचे दहा महिने औषधांच्या वेळा, पथ्याचा स्वयंपाक आणि रात्रीची जागरणे यांतच सरले. आपल्यापैकी ज्यांनी घरातल्या रुग्णाची शुश्रूषा केली असेल, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. रुग्ण बरा होतो, पण शुश्रूषा करणाऱ्याचे कान बरे होत नाहीत. शेजारच्या खाटेवरचा श्वास नीट चालला आहे ना, हे ऐकत पडण्याची मला सवय जडली होती. दिवाळीला आलेल्या आमच्या कन्येच्या हे ध्यानात आले असावे. जाताना तिने गोव्यातील समुद्रकाठच्या एका आलिशान हॉटेलातील पाच दिवसांच्या मुक्कामाचे कागद माझ्या हाती ठेवले आणि म्हणाली, “आई, हे बाबांसाठी नाही. तुझ्यासाठी आहे.” भाड्याचा आकडा तिने सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.

मांडवी नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे उत्तरेच्या बाजूला आग्वादचे भूशिर आहे. त्याच्या पायथ्याशी सिकेरीचा किनारा पसरला आहे. १९७४ साली येथे ताज समूहाचे हॉटेल उभे राहिले आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील ऐश्वर्यसंपन्न पर्यटनाला आरंभ झाला. आमचा मुक्काम याच परिसरात होता. खोलीच्या सज्जातून उजवीकडे कांदोळीची लांबच लांब वाळू दिसे. डावीकडे किल्ल्याचा काळसर जांभा दगडाचा बुरूज थेट लाटांत उतरलेला दिसे.

अशा हॉटेलातील सुखसोयींचे वर्णन मी करीत बसणार नाही. मऊ गाद्या, शुभ्र चादरी, न मागता पुढे येणारा चहा, हे सारे तेथे असायचेच. मला नवल वाटले ते या सुखाची सवय होण्यास लागणाऱ्या श्रमांचे! पहिल्या दिवशी पहाटे पाचला उठून मी दोन्ही अंथरुणे नीट घडी करून ठेवली, पेले विसळले आणि टॉवेल सज्जात वाळत घातले. खोली आवरण्यासाठी आलेली मुलगी दारातच थबकली. ती सावंतवाडीकडची होती. हसून म्हणाली, “काकू, तुम्हीच सगळा आवरलात, तर मी काय करू?”

तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी तिला बसायला सांगितले. नियमाप्रमाणे ती बसली नाही. बोलता बोलता कळले, की ती दोन वर्षे येथे काम करते आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवते. धाकट्या भावाचे शिक्षण त्यावर चालले आहे. “समुद्र रोज दिसतो का ग?” असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “दिसतो ना, चादर झटकताना.” एकाची विश्रांती ही दुसऱ्याच्या श्रमांवर उभी असते, हे आपण पुस्तकांत वाचतो. ते वाक्य हाती चादर घेऊन समोर उभे राहिले, की त्याचा अर्थ निराळाच लागतो. दुसऱ्या दिवसापासून मी अंथरुणाला हात लावला नाही. मात्र तिचे काम चालू असताना तिच्याशी गप्पा मारण्याचा परिपाठ मी सोडला नाही.

दुपारी आम्ही किल्ला पाहून आलो. पोर्तुगीजांनी तो १६१२ साली पुरा केला. ‘आग्वा’ म्हणजे पाणी. येथील गोड्या झऱ्यावरून किल्ल्याला हे नाव पडले. वरच्या भागात तेवीस लक्षांहून अधिक गॅलन पाणी साठवणारे प्रचंड टाके आहे. दीर्घ सागरी प्रवास करणारी जहाजे येथे थांबत, पिंपे भरून घेत आणि पुढे जात. म्हणजे या जागेचा व्यवसायच मुळी थकल्या प्रवाशाला विसावा देण्याचा! १८६४ साली येथे दीपगृह उभारले गेले. ते जुने दीपगृह अजून उभे आहे.

परंतु याच भूशिरावर, नदीच्या बाजूला, एक तुरुंगही होता. गोवामुक्तीच्या लढ्यातील सत्याग्रहींना पोर्तुगीजांनी येथे कोंडले होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतरही तुरुंग चालू राहिला आणि २०१५ साली तेथील बंदी कोलवाळच्या नव्या कारागृहात हलविण्यात आले. २०२१ सालापासून ती वास्तू स्वातंत्र्यलढ्याचे संग्रहालय झाली आहे. तेथील एका कोठडीसमोर आम्ही बराच वेळ उभे राहिलो. बाहेर लाटांचा आवाज येत होता. जो आवाज ऐकण्यासाठी आज लोक दुरून येतात, तोच आवाज त्या बंद्यांना रात्रंदिवस ऐकावा लागला होता. हे म्हणाले, “समुद्र तोच. दार कोणाच्या हाती आहे, एवढाच फरक.”

आता रात्रीची गोष्ट सांगते. पहिल्या रात्री सज्जाचे दार उघडे ठेवून आम्ही झोपलो. समुद्राची गाज इतकी मोठी होती, की शेजारचा श्वास मला ऐकूच येईना. दार लावायला उठले, तर हे म्हणाले, “असू दे. दहा महिने कोंडून घेतले आहे.” मी त्यांच्या मनगटावर हात ठेवून पडून राहिले. दुसरी रात्रही तशीच गेली. तिसऱ्या रात्री मात्र केव्हा डोळा लागला, हे कळले नाही. जाग आली तेव्हा ऊन सज्जात आले होते आणि शेजारची खाट रिकामी होती.

वाचकहो, त्या क्षणी मी किती जिने किती वेगाने उतरले, ते मला आठवत नाही. वाळूवर पोचले तेव्हा हे चपला हातात घेऊन कोळ्यांची रापण पाहत उभे होते. होडीतून अर्धवर्तुळात टाकलेल्या भल्या मोठ्या जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरची माणसे लयीत ओढीत होती. जाळे जवळ आले तसे बांगडे चमकू लागले. माझ्याकडे वळून हे इतकेच म्हणाले, “तुला उठवले नाही. किती दिवसांनी झोपली होतीस!”

ओठावर आलेले रागाचे शब्द मी गिळून टाकले. यांना माझी झोप मोलाची वाटली होती. आणि एकट्याने वाळूवर चालून येण्याइतके बळ यांच्या अंगी आले होते. दोन्ही बातम्या मला एकाच वेळी कळल्या.

त्या वाळूवर हॉटेलातले पाहुणे होते, तसेच बसने आलेली कुटुंबे होती, कोळी होते, शाळेची सहलही होती. भरती-ओहोटीच्या रेषांमधील वाळू कोणत्याही हॉटेलाच्या मालकीची नसते. ती सर्वांची असते. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामांपासून जपण्यास सांगितले होते. पुढे १९९१ साली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. नियम कितपत पाळले जातात, हा वादाचा विषय आहे. पण नारळ विकत घेण्याचीही ऐपत नसलेले मूल तेथे लाटेत उड्या मारीत होते आणि त्याला कोणी हटकत नव्हते, हे मी डोळ्यांनी पाहिले.

तेव्हा समुद्र पाहण्यासाठी आलिशान हॉटेलच हवे, असे मी म्हणणार नाही. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, आणि ती कोणाच्या खोलीचे भाडे पाहून येत नाही. मग त्या पाच दिवसांत हॉटेलाने आम्हाला दिले तरी काय? पाच दिवस ‘आज भाजी काय करायची’ हा प्रश्न कोणी मला विचारला नाही, आणि ‘गोळी घेतली का’ हा प्रश्न मी यांना दिवसातून दोनदाच विचारला. उरलेल्या वेळात आम्ही बोललो. घर बांधताना घेतलेले कर्ज, यांची राहिलेली संस्कृतची परीक्षा, माझी सुटलेली सतार, अशा कितीतरी गोष्टी पस्तीस वर्षांत बोलायच्या राहून गेल्या होत्या.

एवढे देणे प्रत्येक घराच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी गोव्याला जाण्याचीही गरज नाही. इंदूरला परतल्यापासून आमच्या घरी रविवारची दुपार माझी असते. त्या दुपारचा चहा हे करतात. साखर थोडी अधिक पडते. आपल्या घरी अशी दुपार कोणाच्या वाट्याला यायला हवी, याचा एकदा विचार करून पाहावा, आणि येत्या रविवारी ती त्या व्यक्तीला देऊन टाकावी.