रबराचा बूट

ब्राह्मणपाऱ्यातील आमच्या गल्लीतून मोटार बाहेर काढायची म्हणजे स्टिअरिंग दोनदा पुरते वळवावे लागते. वडील गेल्यानंतरच्या पावसाळ्यात त्या वळणावर त्यांच्या जुन्या मारुती ८०० मधून 'कट्-कट्' असा आवाज येऊ लागला. चाकाखाली खडा सापडत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. आझाद चौकाजवळच्या मिस्त्रीने मात्र चार पावले गाडीबरोबर चालूनच सांगितले, "गाड़ी ह गोठियावत हे, भैया." गाडी बोलत होती, हे खरे, तिचे ऐकणारा माणूस मात्र घरात उरला नव्हता.

वडील दर रविवारी अंगणात पोते अंथरून गाडीखाली शिरत आणि पुढच्या चाकांमागचे रबर बोटांनी चाचपून पाहत. आम्ही हसत असू. मागच्या चाकांवर चालणाऱ्या अँबॅसडरला ही उस्तवार नव्हती. १९८३ साली आलेल्या मारुतीत जी चाके गाडी ओढतात तीच वळतातही. वळतानाही गती एकसारखी राहावी म्हणून अॅक्सलच्या टोकाशी सहा पोलादी गोळ्यांचा सांधा असतो. आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने तो १९२० च्या दशकात सिद्ध केला. सांधा पोलादाचा खरा, पण त्याचे आयुष्य घडीदार रबरी बुटाच्या हाती. बुटाला चीर पडली, की फिरता फिरता ग्रीस बाहेर उडते आणि धूळ-पाणी आत शिरते.

दिवाळीच्या सुट्टीत मीच ते पोते अंथरले. चाक जमिनीवर असतानाच मधला नट सैल केला, मग गाडी जॅकवर उचलून खाली भक्कम ठोकळे दिले आणि अॅक्सल ओढून काढला. या गाडीचा बाहेरचा सांधा उघडत नाही. आतल्या बाजूचा सोडवून दोन्ही बूट तिकडूनच सरकवावे लागतात. माझा क्रम चुकला आणि सारे पुन्हा सोडवावे लागले.

उजव्या बुटाची चीर ताजी होती. डिझेलने धुऊन, नवे काळे ग्रीस भरून तो सांधा वाचला. डाव्यात ग्रीसच्या जागी तांबूस चिखल होता. बोटांना रेती लागत होती. तो दांड्यासकट बदलावा लागला.

शेवटच्या आजारपणात वडिलांनी एकदा विचारले होते, "डावा बूट पाहिलास का रे?" मी न पाहताच "हो" म्हटले होते.

संध्याकाळी आईला घेऊन गल्लीचे वळण घेतले. आवाज आला नाही. "आता कशी शांत चालते रे!" आई म्हणाली. मी काही बोललो नाही.