लातूर, चाकूर, देगलूर

यमक शिकवायला कविताच लागते असं नाही. एसटी स्टँडवरच्या पाट्या पुरतात. लातूर, चाकूर, देगलूर. मुखेड, मुदखेड. रेणापूर, अहमदपूर, अर्धापूर. तिसरीची पोरं भराभर गावं जोडत जातात. मग कुणीतरी 'कंधार' म्हणतं आणि बाकीचे 'नाही जुळत!' म्हणून ओरडतात. यमक कळल्याची खूण हीच. व्याख्या त्यानंतर फळ्यावर लिहावी. अनुप्रासाशी होणारी गल्लतही तिथंच मिटवावी. यमक शेवटाला जुळतं. अनुप्रासात तेच अक्षर वाक्यभर फिरून फिरून येतं. 'कंधारच्या काकूनं काल कोरं कापड कापलं.'

*

उपमेसाठी पुस्तकात 'सारखा, समान, प्रमाणे' हे शब्द असतात. आपल्याकडं घरात 'वाणी' म्हणतात. 'आज्जीचे हात खापरावाणी खरखरीत झालेत,' असं चौथीतली मुलगी सहज बोलून जाते. हात हे उपमेय, खापर हे उपमान, खरखरीतपणा हा साधारण धर्म, 'वाणी' हा साम्यवाचक शब्द. चारही अंगं हजर! अशा वेळी 'खापरासारखे म्हण' म्हणून तिला अडवणं मला अजिबात पटत नाही. प्रमाण रूप शेजारी लिहावं, तिचं खोडू नये.

*

2023 साली श्रावण अधिक आला आणि ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली. 'दुष्काळात तेरावा महिना' समजावायला याहून जवळचं उदाहरण कुठलं? कणगी आधीच रिकामी, त्यात एक महिना जास्तीचा काढायचा. ही झाली म्हण. ती आहे तशीच राहते. 'दडी मारणे' हा वाक्प्रचार. तो वाक्यात शिरला की बदलतो: दडी मारली, दडी मारेल, दडी मारून बसला.

*

'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या वाचनचाचणीत अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या आहेत. गोष्ट घडाघडा वाचली की शेवटची पायरी झाली. वर्गातलं खरं काम तिथून सुरू होतं. कोण कोण होतं? पात्रं. कुठं, कधी? स्थळ-काळ. काय अडलं, कसं सुटलं? कथानक.

निवेदक मात्र सगळ्यांत अवघड. 'मी' म्हणेल तो लेखक, असं मुलं धरून चालतात. गोष्टीतलं मांजर 'मी' म्हणत असेल, तर पुस्तक मांजरानं लिहिलं का, एवढं विचारावं. वर्ग हसतो आणि निवेदक वेगळा दिसू लागतो. उलट बाजूही शिक्षकाला ठाऊक हवी. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त 'मी' म्हणजे स्वतः लेखकच, म्हणून ते आत्मकथन. 1988 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

*

कवी म्हणजे पुस्तकातला जुना फोटो, ही समजूत मोडायलाच हवी. 2025 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 'आभाळमाया' या कवितासंग्रहासाठी नांदेडच्या सुरेश सावंतांना मिळाला, हे वर्गात सांगावं.

*

देगलूर-बिलोलीकडं कित्येक घरांत तेलुगू, किनवटकडं गोंडी, बंजारा तांड्यावर गोरमाटी. मराठीत प्रश्न विचारला की पोरगं गप्प बसतं आणि त्याच्या नावापुढं 'आकलन कमी' असा शेरा पडतो. हा अन्याय आहे. आधी शेजारच्या दोस्ताला घरच्या बोलीत गोष्ट सांगू द्यावी. पुष्कळदा पात्रं, घटनांचा क्रम, शेवट सगळं जागच्या जागी असतं. अडलेलं असतं दोन-चार शब्दांपाशी. तेवढे शब्द मराठीत आणि त्याच्या बोलीत, शेजारी शेजारी, भिंतीवर लावावेत.