नोंदीआधीचा प्रश्न

तथागतांनी सिगाल या गृहस्थपुत्रास मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, चौथा आपत्काळासाठी. शाळेत शिकलेला हा उपदेश आम्हा हिशेबनिसांस आज अधिक उमगतो. कारण वाटणी करण्यापूर्वी मिळकत नेमकी कोठून येते, हे कळावे लागते.

डोंगरी-उत्तनच्या किनाऱ्यावरील उदाहरण घेऊ. दोन बोटींचे डिझेल, बर्फ आणि दुरुस्ती ‘बोट खर्च’ या एकाच खात्यात चढवली, तरी टॅलीतील ताळेबंद जुळतोच. मात्र कोणती बोट घर चालवते आणि कोणती कर्ज वाढवते, हे त्यातून कळत नाही. मग अंदाजाने भलतीच बोट विकली जाते आणि तिच्यावरील खलाशांचा रोजगार जातो.

म्हणून पावसाळी मासेमारीबंदीत, बोटी किनाऱ्याला असतानाच मालकास विचारावे: येत्या हंगामात कोणते निर्णय घ्यावयाचे आहेत? त्यानुसार प्रत्येक बोटीचे स्वतंत्र कॉस्ट सेंटर उघडावे, खात्यांची नावे ठरवावीत, नोंद कोणी व केव्हा करावी हे लिहून ठेवावे. पहिल्याच महिन्याचा अहवाल काढून पाहावा. राहिलेली उणीव तेव्हाच भरून निघते.

नोंदणीकृत कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहणे बंधनकारक आहे. मागाहूनची सारवासारव तेथे लपत नाही.

सम्यक आजीविकेत सचोटीइतकीच ही पूर्वतयारीही येते, असे आम्ही मानतो. वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या आमच्या धाकट्या भावंडांनी पहिल्या नोकरीत पहिली नोंद करण्यापूर्वी हा प्रश्न अवश्य विचारावा.