उन्हाळा सरताना एवढं करा

जूनचा पहिला आठवडा आला की दवाखान्यातल्या गप्पा बदलतात. मे महिनाभर "काय हा उकाडा, डॉक्टर!" आणि आता "यंदा मृगाचा पाऊस वेळेवर येईल का?" 7-8 जूनला मृग लागतो. त्याआधीच एखादा वळीव पडून जातो. गच्चीवरच्या कुरडया, सांडगे डब्यांत जातात आणि आंब्याच्या शेवटच्या पेटीवर घरातल्या सगळ्यांचा डोळा असतो. वर्षातले हे दिवस मला फार आवडतात.

आयुर्वेदात या काळाला ऋतुसंधी म्हणतात. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात. या दिवसांत जुना दिनक्रम हळूहळू सोडावा, नवा हळूहळू धरावा. मी ॲलोपॅथीचा डॉक्टर. मला याचं महत्त्व एका पेशंटमुळे पटलं.

काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात एक काकू आल्या. उठून उभं राहिलं की चक्कर. बीपी 100/60. उन्हाळ्यात त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, त्यामुळे बीपी उतरू शकतं. मी त्यांच्या दोन गोळ्यांपैकी एक थांबवली. चक्कर गेली. पण "पाऊस सुरू झाला की परत दाखवा" हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

काकू आल्या त्या थेट श्रावणात, गुडघे दुखतात म्हणून. बीपी पाहिलं तर 180/100! "अहो, मला तर छान वाटत होतं," त्या म्हणाल्या. बीपी असंच असतं, वाढलं तरी बहुतेकदा कळत नाही. काही अघटित घडलं नाही, हे आमचं नशीब. तेव्हापासून उन्हाळ्यात गोळी कमी केली की पुढची तारीख मी चिठ्ठीवरच लिहितो.

तुमचीही गोळी या उन्हाळ्यात कमी झाली असेल, तर हवा गार झाल्यावर एकदा बीपी तपासून घ्या. मनाने गोळी वाढवू नका, बंदही करू नका. मधुमेह असेल तर आमरसाच्या वाटीऐवजी आंब्याच्या एक-दोन फोडी खा आणि त्या जेवणात पोळी-भात थोडा कमी करा. पहिल्या पावसात भिजलात तर घरी येऊन डोकं कोरडं करा, कपडे बदला. पाणी मात्र उकळूनच प्या.

एवढं केलंत, की मग खिडकीत बसून पावसाची वाट बघायला हरकत नाही. मीही तेच करणार आहे.