फाउंड्रीतला स्कॅनर

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीसाठी बारकोड स्कॅनर निवडायचा असला की माहितीपत्रक मी शेवटी उघडतो. आधी फेटलिंगच्या, म्हणजे ओतून झालेली कास्टिंग्ज घासून साफ करण्याच्या खात्यात जाऊन उभा राहतो. ग्राइंडरचा कर्कश आवाज, हवेत वाळूची बारीक धूळ, प्रत्येकाच्या हातात जाड मोजे. कास्टिंग उचलायला दोन्ही हात लागतात, म्हणून स्कॅनर पॅलेटच्या कडेवर नाहीतर ट्रॉलीच्या दांड्याला अडकवून ठेवतात. तो पडणारच. त्याचा दोष कामगाराला देणं मला अजिबात मान्य नाही. पडणं हा त्या कामाचाच भाग आहे, आणि तो सोसणं हे यंत्राचं काम.

'दोन मीटरवरून काँक्रीटवर' हा आकडा सगळे ठळक छापतात. मी त्याखालचा टम्बल चाचणीचा आकडा शोधतो. त्यात यंत्र फिरत्या पिंपात घालून शेकडो वेळा आपटतात. आमच्याकडे स्कॅनर उंचावरून क्वचितच पडतो, कमरेच्या उंचीवरून मात्र रोज घसरतो.

माहितीपत्रकातल्या आयपी ६७ या संरक्षण-दर्जातला ६ सांगतो की धूळ आत शिरत नाही. ७ सांगतो की मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी बिघडत नाही. पण बुडवून टिकलेलं यंत्र पाण्याच्या जोरदार फवाऱ्यालाही टिकेल असं त्यातून निघत नाही, ती चाचणी वेगळी. जिथे जमीन होजने धुतात तिथे मी दोन्ही चाचण्यांची खात्री मागतो. शिवाय चाचणी साध्या पाण्यातली, आणि मशीन शॉपमध्ये उडतं ते कूलंट. त्यातल्या तेलाने रबरी सील फुगू शकतं, ट्रिगरवरचं आवरण चिकट होतं. कोणती तेलं आणि रसायनं चालतील, हे विक्रेत्याकडून लेखीच घ्यावं.

खरी कसोटी मात्र कोड वाचण्याची. क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीने मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी आणला. तो कारखान्यातच जन्मला, म्हणून त्यात डाग आणि ओरखडे सोसायची सोय आहे. त्रुटी-दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. पण कागदी लेबल कास्टिंगवर टिकत नाही. तिथे धातूवरच ठिपके ठोकून डेटा मॅट्रिक्स हा चौकोनी कोड उमटवतात. काळं-पांढरं काहीच नाही, करड्यावर करडे खड्डे. असा कोड वाचायला प्रकाश तिरका पडावा लागतो, म्हणजे खड्ड्यात सावली धरते. मशीनिंग झालेल्या चकचकीत पृष्ठभागावर उलट पसरट, मऊ प्रकाश लागतो. दोन्ही प्रकारचा प्रकाश देणारा स्कॅनर महाग असतो आणि मी त्यासाठी खरेदी खात्याशी भांडतो. कारण त्या कोडात हीट नंबर असतो. पुढे एखाद्या कास्टिंगला तडा सापडला, तर ते कोणत्या ओतणीतलं, त्याच ओतणीतली बाकीची कुठे गेली, हे त्या नंबरावरूनच कळतं. स्कॅनर वाचत नाही म्हणून माणसाने आकडे हाताने टाकले आणि एक चुकला, की मागच तुटला.

बीप या गोंगाटात ऐकू येत नाही. मुठीत जाणवेल असं कंपन आणि कोडवरच पडणारा हिरवा ठिपका हवा. काच आत दबलेली हवी. ती वाळूने भरली की हाताशी असलेल्या तेलकट चिंधीनेच पुसली जाते आणि हळूहळू धुरकट होते. काच वेगळी बदलता येते का, हा प्रश्न मी आवर्जून विचारतो. बरेच विक्रेते त्यावर थबकतात.

केबल ओढली जाऊन तुटते, वायरलेस स्कॅनर चुकून भंगाराच्या बिनमध्ये जातो. तरी क्रेनखाली केबल अडकायची भीती, म्हणून तिथे मी वायरलेसच घेतो.

नमुना आला की मी तो कॉन्फरन्स रूममध्ये उघडू देत नाही. रात्रपाळीच्या लोकांकडे देतो, सोबत शॉट ब्लास्टिंगनंतर, म्हणजे धातूच्या बारीक गोळ्यांच्या माऱ्यानंतर, ज्यांवरचे कोड सर्वांत पुसट झालेत अशी कास्टिंग्ज. मोजे काढायचे नाहीत एवढीच अट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांना विचारलं म्हणजे मनगट दुखतं का, ट्रिगर कुठे अडतो, कोणती बाजू वाचत नाही, हे सगळं नेमकं कळतं. ते कागदावर उतरवून मगच ऑर्डर काढतो, आणि जादा बॅटऱ्या, काचा व चार्जिंगचा क्रेडल त्याच ऑर्डरमध्ये घालतो.